शाळेतला सेवाधर्म

वारकरी सज्जनहो, या महिन्याच्या निरूपणासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो प्रथमदर्शनी पोथीतला वाटणार नाही. तो शाळेतला आहे. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलामुलींनी अभ्यासाबरोबर समाजाची सेवा करावी किंवा नाही, करावी तर सक्तीने करावी की खुशीने, आणि तिला गुण द्यावेत की देऊ नयेत, हा तो विषय. कोणी म्हणेल, "बुवा, हा हेडमास्तरांचा प्रश्न आहे, तुम्ही आपले टाळ वाजवा." परंतु माउली, सेवा हा शब्द आपल्या घरचा आहे. संतांनी तो जपला, वाढवला आणि गोरगरिबांच्या ओसरीपर्यंत नेऊन पोहोचवला. आपल्या घरचे भांडे शेजारी नेले तर ते तिथे कशासाठी वापरले जाते, हे पाहण्याचा आपणांस हक्क आहे. आणि त्या भांड्यास पोचे पडत असतील तर बोलणे हे कर्तव्यही आहे.

कीर्तन आटोपल्यावर गाठभेट घेण्यास जी मंडळी येतात त्यांत आईबाप असतात, तसे शिक्षकही असतात. त्यांच्याकडून दोन प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतात. पहिला प्रश्न बापाचा. "महाराज, पोरगं शाळंत शिकायला घातलंय का खराटा मारायला? खराटा तर घरी बी हायेच की!" दुसरा प्रश्न शिक्षकाचा. "बुवा, मुलं सेवा करतात ती श्रेणीसाठी. वहीत तास भरले की हातातलं घमेलं खाली. याला सेवा म्हणायचं का?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. विचारणारे दोघेही प्रामाणिक आहेत. म्हणून दोघांनाही उत्तर दिले पाहिजे.

प्रथम बापाच्या प्रश्नाकडे वळू. विद्या म्हणजे केवळ पाटीपुस्तक, आणि सेवा म्हणजे विद्येच्या वेळातून चोरलेला वेळ, ही समजूत आपल्या पूर्वजांची नव्हे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा पाहा. आपले गोत्र ठाऊक नाही असे स्वच्छ सांगणारा तो मुलगा गौतम ऋषींकडे शिकावयास आला. ऋषींनी त्याच्या सत्याला मान देऊन त्याचे उपनयन केले आणि हातात पोथी न देता ४०० रोडक्या गाई दिल्या. त्याने त्या रानात नेल्या, आणि त्यांच्या १००० होईपर्यंत परतणार नाही असा निश्चय केला. किती वर्षे गेली असतील याचा विचार करा. त्या रानात त्याला ब्रह्माचा उपदेश कोणी केला? एका बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गु नावाच्या पाणपक्ष्याने. परत आला तेव्हा गुरूंनी त्याच्या चेहऱ्यावरचे तेज पाहूनच ओळखले. गुरे राखणारा तो पोर बारा बुके शिकलेल्यापेक्षा कमी शिकला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य आरुणि आहे. शेताचा बांध फुटला, माती टिकेना, तेव्हा त्या खिंडारात तो स्वतः आडवा झाला आणि पाणी अडवले. श्रीमद्भागवतात भगवान श्रीकृष्ण आपल्या जुन्या मित्राला, सुदाम्याला, आठवण करून देतात ती सांदीपनींच्या घरच्या लाकूडफाट्याची. गुरुपत्नीने सरपण आणावयास धाडले, वादळ झाले, पाऊस कोसळला, आणि दोघे मित्र हातात हात धरून रात्रभर रानात भटकले. द्वारकेच्या राजवाड्यात बसून देवाला शाळेतले काय आठवते? पाठ केलेला धडा आठवत नाही. सरपणाची मोळी आठवते. आणि धर्मराजाच्या राजसूय यज्ञात कामे वाटून घेतली गेली तेव्हा देवाने आपल्याकडे ओढून घेतले ते आलेल्या विप्रांचे पाय धुण्याचे काम. उष्ट्या पत्रावळी उचलल्या, असे आपल्या कीर्तनपरंपरेत सांगतात ते याच यज्ञाचे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची जी तीन साधने सांगितली आहेत, त्यांत नमस्कार आहे, प्रश्न विचारणे आहे आणि सेवा आहे. तीनपैकी एक काढले तर तिवई उभी राहील काय?

तेव्हा बापाला आमचे पहिले सांगणे असे की बाबा, तुझे पोर खराटा मारते म्हणून शिकत नाही, हे खरे नव्हे. कोणाचा खराटा, कोणासाठी आणि कसा, एवढेच पाहावयाचे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गुरुकुलातील सेवा ही गुरूच्या घरची होती. गाई गुरूच्या, बांध गुरूच्या शेताचा, सरपण गुरुपत्नीच्या चुलीसाठी. ती सेवा थोर खरी, पण तिचे कुंपण लहान होते. संतांनी हे कुंपण काढले. श्रीएकनाथ महाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रामेश्वरास वाहावयाची गंगेची कावड खांद्यावर आहे, आणि तापल्या वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडते आहे. नाथांनी कावड त्याच्या मुखात रिती केली, आणि रामेश्वरास अभिषेक येथेच पोहोचला असे मानले. नाथ संस्कृतज्ञ होते, मोठ्या गुरूचे शिष्य होते. त्यांच्या विद्येची परीक्षा कोणत्या सभेत झाली? त्या वाळवंटात झाली.

आता शब्दाचाच विचार करू, कारण आमचे लहानपण व्याकरण घोकण्यात गेले आणि त्याचा उपयोग अशा ठिकाणी होतो. मराठीत आपण सेवाशुश्रूषा असा जोडशब्द वापरतो. आजाऱ्याची शुश्रूषा, वृद्धांची शुश्रूषा. या शुश्रूषा शब्दाचा मूळ अर्थ काय? श्रु म्हणजे ऐकणे. त्या धातूला इच्छा दाखविणारा सन् प्रत्यय लागला की शुश्रूषा होते. म्हणजे ऐकण्याची इच्छा! औषध देणे, पाय चेपणे, पाणी आणणे हे सर्व नंतरचे. अगोदर ज्याची सेवा करावयाची त्याचे ऐकण्याची इच्छा पाहिजे. ज्याला ऐकावयाचे नाही त्याने केलेली धडपड ही शुश्रूषा नव्हे. शाळेतील समाजसेवेचा सगळा शास्त्रार्थ या एका शब्दात आला आहे, असे आम्हांस वाटते.

या कामाचा अलीकडचा इतिहासही वारकऱ्यांनी जाणून घ्यावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली, एका पंगतीला जेवली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० साली सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि कमवा व शिका हा मार्ग गरीब मुलांस मोकळा झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम या नावाने हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार देशापुढे आला. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, शेती आणि सफाई हे वेळापत्रकातील विषय झाले.

साने गुरुजींचे नाव तर पंढरीच्या वाटेवर घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे होती. मुलांनी खोली झाडली नाही तर गुरुजी रागावत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः झाडत. पसरलेले कपडे घडी करून ठेवत. परत आलेली मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवसापासून आपण होऊन हातात झाडू घेत. याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि विठोबाच्या मंदिराचे दार हरिजन बांधवांस उघडले गेले. छात्रालयातला झाडू आणि मंदिराच्या दारातले उपोषण ही एकाच माणसाची कामे आहेत, आणि पहिल्याच्या अभ्यासावाचून दुसरे झाले नसते.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा आवश्यक मानावी अशी शिफारस केली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीच्या वर्गांपर्यंत आली. त्या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची आणि सात दिवस एखाद्या गावात शिबिरास राहावयाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांपाशी जाऊन शिकावे असा हेतू. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे परदेशी आहेत. त्यांनाही हे चुकलेले नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९९९ पासून हायस्कूलचा दाखला मिळण्यापूर्वी ४० तास समाजसेवा करावी लागते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात हाच आकडा ७५ तासांचा आहे. म्हणजे ही काही आपल्याच गावच्या मास्तरांची लहर नव्हे. जगातील विचारी माणसांस असे वाटू लागले आहे की नुसत्या बुद्धीने शिकलेला मुलगा अर्धा शिकलेला आहे.

आता शिक्षकाच्या प्रश्नाकडे येऊ. सक्तीची सेवा ही सेवा होय काय?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात दानाविषयी एक विलक्षण गोष्ट आहे. दानाच्या प्रेरणांत आचार्यांनी श्रद्धेला पहिले स्थान दिले, हे आपण समजू शकतो. पण त्यांनी लज्जेलाही जागा दिली, आणि भयालाही दिली! चार लोक काय म्हणतील या लाजेने हात पुढे आला, शास्त्राच्या धाकाने पुढे आला, तरी चालेल, पण येऊ द्या. हा त्यातला भाव. आणि यादीच्या शेवटी त्यांनी जाणीव ठेवली. म्हणजे दान लाजेतून किंवा भयातून सुरू होऊ शकते. ते जाणिवेपर्यंत जावे एवढी काळजी घ्यावयाची.

आपली वारी पाहा ना. बापाच्या खांद्यावर बसून पंढरीस जाणाऱ्या पोराला कोणी विचारले होते काय, की बाळा, तुला वारीस यावयाचे आहे का? आजीच्या धाकाने हरिपाठास बसलेला मुलगा पहिली दोन वर्षे पेंगतच असतो. तिसऱ्या वर्षी टाळ हातात येतो, आणि पुढे एका आषाढीला वाखरीच्या रिंगणात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ते पाणी सक्तीचे नसते. सक्ती त्याला फक्त वाखरीपर्यंत घेऊन आली होती.

म्हणून शिक्षकबंधूंनो, मुलाला सेवेच्या दारापर्यंत सक्तीने न्यावयास हरकत नाही. पण दारापलीकडे त्याला मोकळीक हवी. कोणाचे काम करावयाचे, कोणते करावयाचे, त्यात काय अडले, याचा विचार मुलांना करू द्या. सगळे मास्तरांनीच ठरवले, फळ्यावर लिहिले, शिट्टी वाजवली आणि मुलांनी फावडे उचलले, तर ती वेठबिगार होते. वेठबिगार काढून टाकण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी फार सोसले आहे. ती शाळेच्या दाराने परत येता कामा नये.

आता गुणांची गोष्ट. गीता सांगते की कर्मावर अधिकार, फळावर नाही. आणि शाळा सांगते की फळ आधी वहीत लिहून घ्या. विरोध खरा आहे. सेवेला गुण दिले की हुशार मूल लगेच हिशेब करते. किती तासांस किती गुण? कोणाची सही चालते? मग चुलत्याची सही, ओळखीच्या संस्थेचा शिक्का, आणि न केलेल्या सेवेचे प्रमाणपत्र. सज्जनहो, हा भाग आम्हांस सर्वांत जास्त बोचतो. मूल अभ्यासात कच्चे राहिले तर पुढच्या वर्षी भरून निघेल. पण ज्या विषयातून त्याने दुसऱ्याचे दुःख शिकावयाचे, त्याच विषयात त्याने पहिली खोटी सही पाहिली, आणि ती देणारा त्याचा स्वतःचा बाप होता, तर हे कोणत्या परीक्षेत भरून काढणार? आईबापांस आमची हात जोडून विनंती आहे. मुलाचे तास कमी भरले तर कमी भरू द्या. खोटी सही करू नका.

गुण द्यावयाचेच झाले तर आमचा एक उपाय आहे. सेवेला गुण देऊ नयेत. सेवेनंतर मूल जे सांगेल त्याला द्यावेत. मुलाने वर्गात उभे राहून सांगावे: मी कोणाकडे गेलो, त्यांनी मला काय सांगितले, मला काय करता आले, आणि काय करता आले नाही. ज्याने खरेच ऐकले असेल तोच हे सांगू शकेल. शुश्रूषेची परीक्षा ती ही. आणि काय करता आले नाही हे नीट सांगणाऱ्या मुलास दोन गुण जास्त द्यावेत, कारण त्याला आपल्या समाजाचा एक तुटका बांध दिसला आहे.

एक दृष्टांत घ्या. एका गावात हायस्कूलच्या मुलांनी स्वच्छतेचा दिवस ठरविला. चावडीपुढचा रस्ता झाडला. तो आदल्या दिवशीच झाडलेला होता. मग फोटो झाला. शेवटच्या आळीत एक एकटी म्हातारी राहत होती; तिच्या दारापुढे दोन मुले खराटा घेऊन गेली. त्यांतल्या एकाने, कोण जाणे कसे, विचारले, "आजी, तुमचं काय अडतं?" म्हातारी म्हणाली, "लेकरा, अंगण मी झाडते. डोळं गेल्यात. पोथी वाचाय कुणी न्हाई." मुलगा दुसऱ्या दिवशी पोथी वाचावयास बसला. जुने शब्द त्याला फुटेनात. म्हातारीला सारे तोंडपाठ! तो अडखळला की ती पुढचा शब्द सांगे. चार महिन्यांत त्या मुलाचे वाचन असे सुधारले की वर्गात मास्तरांनी विचारले, शिकवणी कोणाकडे लावलीस? आता सांगा, कोणी कोणाची सेवा केली? आणि वहीत तास कोणाच्या नावावर मांडावयाचे? खऱ्या सेवेत देणारा आणि घेणारा यांची अशीच अदलाबदल होते. पण ती झाली कशामुळे? खराटा टेकवून त्याने अगोदर विचारले म्हणून.

आता दोन गोष्टी अशा सांगतो की त्यांवाचून हे निरूपण अपुरे राहील.

पहिली गोष्ट घरच्या सेवेची. गरीब घरची मुलगी पहाटे उठते, पाणी भरते, धाकट्या भावंडांस न्हाऊ घालते, आजारी आजीला भरवते आणि मग तीन मैल चालून शाळेत येते. शाळा तिला म्हणते, तुझे समाजसेवेचे तास शून्य आहेत, शनिवारी ये आणि झाडे लाव. दुसरीकडे ज्याच्या घरी ताटही कोणी उचलावे लागत नाही, तो मोटारीने येऊन एक रोप लावतो आणि त्याचे तास भरतात. हा हिशेब चुकीचा आहे. आपल्या संप्रदायाचे मूळच पाहा. विठ्ठल विटेवर का उभा आहे? भक्त पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, देव दारी आला, आणि पुंडलिकाने उठून न जाता वीट फेकून देवास थांबविले. देवाने असे म्हटले नाही की घरची सेवा मोजण्यात धरता येत नाही. तो थांबला, आणि अजून उभा आहे. ज्या सेवेपुढे परब्रह्म तिष्ठते, ती शाळेच्या वहीत बसू नये काय? ज्या मुलामुलींवर घरचा भार आहे, त्यांची ती सेवाच प्रथम मोजावी. त्या पोरीला शनिवारी उलट विश्रांती द्यावी, आणि जमल्यास दोन वर्गमैत्रिणींनी तिच्या घरी जाऊन पाणी भरावे. ती खरी समाजसेवा झाली.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. सेवेच्या नावाखाली शाळेचे संडास झाडण्यास ठराविक वस्तीतल्याच मुलांस पाठवितात, पाहुण्यांना पाणी देण्यास मुलीच पुढे करतात आणि व्यासपीठावर भाषणास वरच्या आळीचा मुलगा उभा करतात, असे प्रकार आमच्या कानावर आले आहेत. हे जिथे कोठे होत असेल तिथे ती सेवा नव्हे. तो जुना अधर्म नवा गणवेश घालून आला आहे. हाताने मैला उचलण्याचे काम कोणाकडूनही करून घेणे हे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा नसता तरी चोखोबांच्या पायरीशी उभे राहणाऱ्या वारकऱ्याला हे कसे सहन व्हावे?

यावर उपाय श्रीगाडगे महाराजांनी दाखवून ठेवला आहे. १८७६ साली वऱ्हाडात जन्मलेला हा महापुरुष गावात आला की प्रथम हातात खराटा घेई. दिवसा गावातली घाण काढी, रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र गाडग्यात भाकरी घेऊन उघड्यावर राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांनी कोणालाही खराटा मार असे आधी सांगितले नाही. स्वतः मारला, मग गाव धावत आले. शाळेतही क्रम असाच असावा. पहिली पाळी हेडमास्तरांची. दुसरी शिक्षकांची. मग हजेरीपटाच्या क्रमाने सर्व मुलामुलींची, एकही नाव न वगळता. पाळी चुकविण्यास पाटलाच्या मुलाला सवलत नाही, आणि पाळीपेक्षा जास्त काम गरिबाच्या मुलाला नाही. असे झाले तर त्या झाडूची लाज कोणालाच वाटणार नाही.

इतका वेळ आम्ही शिक्षकांस आणि आईबापांस सांगितले. आता वारकऱ्यांस सांगावयाचे आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

आळंदीहून माउलींची पालखी निघते. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत ती वाखरीस पोहोचते. देहूहून तुकोबारायांची पालखी तिच्या मार्गाने येते. वाटेवर कितीतरी दिंड्यांचा मुक्काम कोठे पडतो? शाळेत. वर्गातली बाके बाजूला सरतात, फळ्याखाली पखवाज टेकतो, व्हरांड्यात चूल पेटते. गावची मुले पाणी घेऊन उभी राहतात, कोणी पायांस तेल लावते, कोणी रस्ता दाखवते. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी पालखीमार्गावर स्वच्छतेसाठी राबतात. २०१५ च्या सुमारास निर्मल वारीचे काम सुरू झाल्यापासून फिरती शौचालये मुक्कामी येऊ लागली आणि वाटेवरच्या गावांची दुर्दशा पुष्कळ कमी झाली. मुलांनी आपली एवढी सेवा करावी आणि पहाटे दिंडी हलल्यावर त्यांनी शाळेत येऊन काय पाहावे? काही दिंड्या शाळा आरशासारखी लख्ख करून जातात. काही जात नाहीत. जेथे उष्ट्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि चुलीची राख वर्गात तशीच राहते, तेथे दहावीच्या मुलांची पहिली तासिका ती घाण काढण्यात जाते. त्या मुलांस त्या दिवशी सेवेचा कोणता धडा मिळतो? हाच की, भजन करणारा घाण करतो आणि शिकणारा ती काढतो. असा धडा आपल्या हातून एका मुलालाही मिळू नये.

म्हणून यंदा प्रत्येक दिंडीच्या विणेकऱ्यांनी व चोपदारांनी एवढे करावे. ज्या शाळेत उतराल तिची एक खोलीही मिळाली तेव्हापेक्षा अस्वच्छ ठेवून निघू नये. पहाटेच्या काकड्यानंतर आणि पालखी हलण्यापूर्वी अर्धा घटका खराट्याला द्यावा. त्यात महाराज मंडळींनी पुढे व्हावे. पाणी आणून देणाऱ्या मुलास खाऊचे पैसे देण्यापेक्षा त्याचे नाव विचारावे, कितवीत आहे विचारावे, आणि त्याच्या शाळेस काय हवे ते ऐकावे. एखाद्या शाळेस फळा नसेल, एखाद्या शाळेच्या नळास तोटी नसेल. दिंडीत गवंडी असतात, सुतार असतात, सेवानिवृत्त शिक्षक असतात. मुक्कामाच्या रात्री एक तोटी बसवून जाणे काही अवघड नाही. पुढच्या वर्षी त्याच शाळेत उतराल तेव्हा मुले ती तोटी दाखवतील.

आणि घरी परतल्यावर आपल्या मुलानातवंडांस विचारावे, शाळेतल्या सेवेत तू कोणाचे ऐकलेस? किती तास झाले हे विचारू नये. उत्तर आले नाही तर रागावू नये. त्याला आपल्याबरोबर एखाद्या एकट्या म्हाताऱ्याकडे घेऊन जावे, आणि आपण गप्प बसून त्या म्हाताऱ्यास बोलू द्यावे. मूल पाहील की मोठी माणसे ऐकतात कशी. मग त्याला फार सांगावे लागणार नाही.

पांडुरंग सर्वांच्या मुलांस विद्या देवो, आणि त्या विद्येस दुसऱ्याचे ऐकणारे कान देवो.

रामकृष्णहरि!